भाड्याचे दोन टँक आणि न सापडणारा डावा नॉब: साइडमाउंट बांधणीचं एक प्रकरण

साइडमाउंट, म्हणजे टँक पाठीऐवजी कुशींना लावून करायचं डायव्हिंग, शिकलेली आणि स्वतःच्या टँकवर सराव असलेली एक डायव्हर भाड्याचे दोन टँक लावून पहिल्यांदाच पाण्यात उतरली. अर्ध्या तासाच्या आत तीन गोष्टी बिघडल्या. डाव्या टँकचं बूड वर उचलू लागलं. तोच टँक पट्ट्यात फिरला. आणि व्हॉल्व्ह बंद करून दाखवायला सांगितलं तेव्हा डावा नॉब तिच्या हाताला सापडलाच नाही. मी तिच्याबरोबर पाण्यात होतो, नंतरची बांधणीही आम्ही दोघांनी मिळून केली. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात काहीच असाधारण नव्हतं. प्रवासात टँक भाड्याने घेणाऱ्या कुणाही साइडमाउंट डायव्हरच्या वाट्याला हे येऊ शकतं.

ज्यांनी फक्त पाठीवर टँक घेऊन डायव्हिंग केलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: साइडमाउंटमध्ये दोन्ही कुशींना एकेक टँक असतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेग्युलेटर (टँकच्या व्हॉल्व्हवर बसणारा भाग म्हणजे फर्स्ट स्टेज, तोंडात धरायचा भाग म्हणजे सेकंड स्टेज) आणि स्वतंत्र प्रेशर गेज. दोन्ही टँकना जोडणारी नळी नसते. वरचं टोक काखेखाली बंजीने, म्हणजे रबरी दोरीने धरलेलं. खालचं टोक टँकवरच्या पट्ट्याला बांधलेल्या बोल्ट स्नॅपने, म्हणजे धातूच्या कडीने, कमरेमागे हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना) अडकवलेलं. ही पद्धत रुजली ती ब्रिटनमधल्या पाण्याने भरलेल्या अरुंद गुहांत आणि पुढे फ्लोरिडाच्या गुहांत. तिथली माणसं स्वतःचे टँक स्वतःच्या मापाने बांधत. भाड्याचा टँक हा त्या पद्धतीत नंतर आलेला पाहुणा आहे, आणि तो पाठीवर लावायच्या हिशेबानेच बनवलेला असतो. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

सामान

हार्नेस, रेग्युलेटर, बंजी हे सगळं तिचं स्वतःचं होतं. रेग्युलेटर डीआयएन जोडणीचे (व्हॉल्व्हमध्ये आट्याने फिरवून बसणारे), उजवीकडे २ मीटरची लांब होज, म्हणजे हवेची नळी, डावीकडे आखूड होज आणि गळ्यातली बंजी. स्वतःच्या टँकवर तिने स्टीलचे स्क्रूवाले क्लॅम्प कायमचे बसवलेले आहेत. प्रवासासाठी मात्र नायलॉनच्या पट्टीचे दोन कॅम बँड, म्हणजे बक्कलने हातानेच आवळता येणारे पट्टे, आणले होते. निर्णय योग्यच होता. भाड्याच्या टँकवर रोज स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणं परवडत नाही.

टँक दोन्ही एएल ८० होते, म्हणजे जगभर भाड्याने मिळणारा नेहमीचा अॅल्युमिनियमचा टँक: ११.१ लिटर, २०७ बार दाब, व्यास १८४ मिलिमीटर. एकाला खाली प्लॅस्टिकचा बूट होता, दुसऱ्याला नव्हता. गेजवर एक २०५ बार दाखवत होता, दुसरा १८५. दोन्हींतला वायू अॅनालायझरवर तपासला, दोन्हींत साधी हवा होती. साइडमाउंटमध्ये ही तपासणी प्रत्येक टँकची वेगळी करावी लागते. एकात हवा आणि दुसऱ्यात नायट्रॉक्स (३२ टक्के ऑक्सिजन असलेलं मिश्रण) असेल, तर डाइव्हभर आलटूनपालटून श्वास घेणाऱ्या माणसाचा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर कोणत्या वायूचा हिशेब करतोय हेच कळेनासं होतं.

दोन्ही व्हॉल्व्हना योक (बाहेरून शिकंज्यासारखी आवळायची जोडणी) आणि डीआयएन असे दोन्ही चालत होते. आतली फिरकी अॅलन कीने काढली की डीआयएन रेग्युलेटर थेट बसतो. सुरुवातीला आणलेल्या एका टँकची फिरकी अडकलेली होती. आम्ही जोर लावला नाही, टँक बदलून घेतला. अशा वेळी योकचा अॅडॅप्टर लावायचा मोह होतो. पण अॅडॅप्टरने फर्स्ट स्टेज व्हॉल्व्हपासून आणखी पुढे सरकतो, बंजी त्यावर आडवी दाबते आणि आधीच गर्दी असलेल्या काखेत आणखी एक धातूचा तुकडा येतो. दुसरा टँक मिळत असेल तर अॅडॅप्टर पिशवीतच राहू द्यावा.

पाण्यात काय घडलं

पहिली डाइव्ह १२ मीटरपर्यंतची, फक्त जुळवणी तपासण्यासाठी. उतरताना सगळं ठीक दिसत होतं. २०५ बारवाला टँक डावीकडे असल्यामुळे तिने आधी त्यातून श्वास घेतला, आणि तो उजव्याच्या खाली गेल्यावर साधारण ३० बारच्या अंतराने बाजू बदलत राहिली. हा भाग तिने चोख सांभाळला.

डावा टँक १३० बारच्या आसपास आला तेव्हा त्याचं बूड शरीराच्या रेषेतून वर निघू लागलं. ११० बारला ते तिच्या नितंबाच्या वर आलं होतं. ती डावीकडे कलू लागली आणि तोल सावरायला उजव्या पायाने जास्त किक मारू लागली. उजवा टँक जवळपास तेवढाच रिकामा होता, पण जागेवर होता. याच सुमाराला डावा टँक पट्ट्यात हळूहळू फिरला. त्याचं गेज, जे छातीजवळ दिसायला हवं, ते काखेत दडलं.

५ मीटरवर येऊन मी व्हॉल्व्हची कवायत करायला लावली. उजवा नॉब तिने न बघता धरला, बंद केला, उघडला. डावीकडे हात गेला, चाचपला, परत आला. दुसऱ्यांदा बोटं नॉबला लागली, पण तिने फिरवलं ते उलट्या दिशेला. व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा होता, त्यामुळे नॉब हलला नाही आणि तिला वाटलं की तो बंद झाला. तिने मला तशी खूण केली. मी तिच्या डाव्या सेकंड स्टेजचं बटण दाबून दाखवलं: हवा सुरूच होती.

बूड तरंगणं त्रासाचं असतं, दिसायलाही वाईट दिसतं. नॉब न सापडणं धोक्याचं असतं. सेकंड स्टेज अडकून हवा सतत वाहू लागली, तर खोलीवर ११ लिटरचा टँक काही मिनिटांत रिकामा होतो. त्या वेळी डायव्हरने तो व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, दुसऱ्या टँकवर जायचं असतं, आणि गरज पडली तर बिघडलेल्या टँकचा नॉब श्वासापुरता उघडून लगेच मिटत त्यातली हवाही वापरायची असते. व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर, हाताशी असतो म्हणून तर साइडमाउंटमध्ये हे जमतं. नॉब हाताशी नसेल, तर डायव्हर दोन टँकचं ओझं वाहतो आणि त्यांची सुरक्षा मात्र त्याला मिळत नाही. म्हणून बांधणी तपासताना मी रेषेत दिसणाऱ्या टँकपेक्षा नॉबपर्यंत जाणाऱ्या हाताकडे आधी बघतो.

कारणं वेगळी काढताना

तिचा पहिला अंदाज होता की वजन कमी पडलं. कमरेला आणखी एक किलो लावायची तिची तयारी होती. त्याने काही झालं नसतं: कमरेवरचं वजन डायव्हरला खाली खेचतं, टँकच्या बुडाला नाही.

किनाऱ्यावर टँक न काढता टेपने मोजलं. टँकची सरळ भिंत संपून जिथे गोलाई सुरू होते, तो टँकचा खांदा. तिथपासून पट्ट्यापर्यंत उजवीकडे ४१ सेंटिमीटर भरले, डावीकडे ३४. म्हणजे ७ सेंटिमीटरचा फरक. कारण लगेच कळलं. तिची सवय तळापासून एक वीत मोजून पट्टा बांधायची, आणि स्वतःच्या बिनबुटाच्या टँकवर ते माप अचूक येतं. डाव्या टँकला बूट होता; तिने वीत बुटाच्या वरच्या काठापासून मोजली.

पट्टा वर सरकला की दोन गोष्टी होतात. एक, स्नॅप कमरेला एका ठरलेल्या जागीच अडकत असल्यामुळे आख्खा टँकच मागे ओढला जातो. व्हॉल्व्ह काखेच्या मागे जातो आणि बंजी गरजेपेक्षा जास्त ताणली जाते. दोन, स्नॅपच्या मागे टँकचा लांब भाग मोकळा राहतो. एएल ८० भरलेला असताना पाण्यात साधारण ०.६ किलो जड असतो आणि रिकामा झाला की साधारण २ किलो हलका; आतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर असतं. वरच्या टोकाला पितळी व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर असल्यामुळे ते खाली राहतं, आणि हलकेपणा सगळा बुडाकडे जाणवतो. मोकळा भाग जितका लांब, तितकी बुडाची उचल जास्त. उजवा टँकही हलका होत होता, पण त्याच्या स्नॅपमागे लांब शेपूट नव्हतं.

टँक फिरण्याचं मूळही तेच निघालं. नायलॉनची पट्टी भिजली की सैल पडते, आणि तिने दोन्ही पट्टे कोरडेच आवळले होते. तरी उजवा फिरला नाही, डावाच फिरला. कारण डावीकडे जास्त ताणलेली बंजी व्हॉल्व्हला सतत एका बाजूला पिळत होती. सैल पट्टा तो पीळ अडवू शकला नाही. म्हणजे तीनपैकी दोन तक्रारी एकाच चुकीच्या मापातून आल्या होत्या.

नॉबची गोष्ट मात्र वेगळी होती. खात्री करायला टँक मूळ जागी फिरवला, पट्टा आवळला आणि तिला डोळे मिटून डावा नॉब धरायला सांगितलं. कोरड्या जमिनीवरही तो सापडेना. टँक फिरला नसता तरी पाण्यात हेच झालं असतं.

याचं कारण व्हॉल्व्हच्या घडणीत आहे. पाठीवरच्या टँकमध्ये हवा बाहेर येण्याचं तोंड डायव्हरच्या डोक्याकडे वळलेलं असतं आणि नॉब उजव्या हाताला येतो. भाड्याचे सगळे टँक बहुधा असेच, उजव्या हाताचे. असा टँक उजव्या कुशीला धरा, तोंड पोटाच्या बाजूला. नॉब बाहेर येतो, उत्तम. आता तसाच दुसरा टँक, तोंड त्याच बाजूला ठेवून, डाव्या कुशीला न्या. नॉब आत, बरगड्यांकडे जातो. तिच्या स्वतःच्या डाव्या टँकला आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, डावा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता. हातांनी नेहमीची बांधणी केली होती, आणि डाव्या बाजूला टँकच वेगळा होता.

नॉब आत गेल्यावर तो फक्त दडत नाही, हाताची सवयही उलटी पडते. कुठलाही नॉब त्याच्याकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवल्यावर उघडतो. पण हात बाहेरून जातो. नॉब बाहेर असेल तर हात त्याच्या तोंडाशी येतो. नॉब आत असेल तर हात त्याच्या पाठीमागून येतो आणि तीच हालचाल उलटा परिणाम करते. पाण्यात तिने डावा नॉब उलटा फिरवला तो गोंधळून नव्हे. तिचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने अगदी बरोबर हालचाल करत होता.

व्हॉल्व्ह बदलण्याचा विचार

तिच्या पिशवीत स्वतःचा एक डावा व्हॉल्व्ह होता. टँक रिकामा करून तोच बसवला तर, असं तिने विचारलं. विचारणं स्वाभाविक होतं, पण याचं उत्तर ठाम नाही असंच द्यायला हवं. टँकच्या मानेचे आटे जगभर एकसारखे नसतात. काही टँकना एम २५ गुणिले २ हा मेट्रिक आटा असतो, काहींना पाऊण इंची, इंचाला १४ फेऱ्यांचा. दोन्ही दिसायला इतके सारखे की मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरत आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि टँक भरताना दाबाखाली उडून बाहेर येऊ शकतो. असे अपघात झालेले आहेत. आटा जुळला तरी मान तपासणं, ओ-रिंग, योग्य जोराने आवळणं हे टँकची देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं काम आहे. डाइव्हच्या आधल्या तासात, दुसऱ्याच्या मालकीच्या टँकवर करायचं हे काम नव्हे. व्हॉल्व्ह आहे तसा ठेवून टँक कसा फिरवायचा, एवढाच प्रश्न आपल्या हातात असतो.

पुन्हा बांधणी

ती सवयीने पट्टा उचलायला गेली. “पट्टा राहू दे. आधी नॉब कुठे हवा ते ठरव,” मी म्हटलं.

पर्याय तीन होते. दोन्ही तोंडं छातीकडे, आतल्या बाजूला ठेवायची. मग उजवा नॉब खाली येतो आणि डावा पाठीकडे वर जातो. डावा हात तिथवर नेणं तिच्या खांद्याला जड गेलं. दुसरा पर्याय, दोन्ही तोंडं पोटाकडे ठेवून डावा नॉब आत राहू द्यायचा आणि तो उजव्या हाताने, छातीवरून आडवा हात नेऊन चालवायचा. अशा रीतीने उत्तम डायव्हिंग करणारे लोक आहेत, पण त्यांनी तो सराव केलेला असतो. एका सहलीपुरती नवी सवय लावून घेणं मला पटत नाही.

तिसरा पर्याय आम्ही घेतला: डावा टँक अर्धा फिरवून त्याचं तोंड पाठीकडे करायचं. मग दोन्ही नॉब बाहेर येतात आणि दोन्ही हातांच्या सवयी शाबूत राहतात. याची किंमतही आहे. डावा फर्स्ट स्टेज काखेच्या मागच्या बाजूला जातो, होजचे मार्ग बदलतात. शिवाय डावा नॉब बाहेर असला की पुढे पोहताना वरून काही घासलं तर तो बंद होण्याच्या दिशेने फिरतो. डोक्यावर छत असलेल्या जागी हे ध्यानात ठेवावं लागतं. मोकळ्या पाण्यात त्याची फारशी चिंता नाही.

या पर्यायात एक सोय आपोआप होते. नॉब बाहेर आणि स्नॅप शरीराकडे, म्हणजे स्नॅप नॉबच्या बरोबर विरुद्ध बाजूला. हे दोन्ही टँकना सारखंच लागू होतं. त्यामुळे भाड्याचे दोन्ही टँक अगदी एकसारखे बांधता येतात आणि कुठलाही टँक कुठल्याही कुशीला चालतो. रोज वेगळे टँक हातात येतात तेव्हा ही गोष्ट फार उपयोगाची ठरते.

पट्टे बादलीत भिजवले, मग बांधले. पट्ट्याखाली रबराची पातळ चकती घातली. माप खांद्यापासून ४१ सेंटिमीटर, दोन्हीकडे, बूट असो वा नसो. तिने ते माप दोरीच्या तुकड्यावर गाठ मारून ठेवलं. टँकचा तळ बुटाने, लांबीने, आकाराने बदलतो. काखेपासून कमरेपर्यंतचं डायव्हरचं अंतर बदलत नाही. बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवलं, नाहीतर ते डाइव्हभर मांडीच्या वरच्या भागाला टोचतं. मग बोल्ट स्नॅपला धरून टँक उचलला आणि हलवला. पट्टा सरकला नाही.

टँकच्या मानेभोवती आखूड दोरीचा फास आणि त्याला एक स्नॅप लावला, तो छातीच्या डी-रिंगसाठी, म्हणजे हार्नेसवरच्या डी आकाराच्या कडीसाठी. बंजी निसटली किंवा तुटली तर टँक लोंबकळू नये म्हणून हा असतो. भाड्याच्या व्हॉल्व्हचे रबरी नॉब लहान आणि गुळगुळीत असतात, त्यांच्यावरून बंजी सुटण्याची शक्यता जास्त, म्हणून इथे तो वगळायचा नाही. डावीकडे बंजी पाठीमागून येताना आता आधी फर्स्ट स्टेजला भिडत होती. ती त्याच्या खालून, व्हॉल्व्हच्या मानेवरून नेली.

तरंगण्यासाठीच्या पिशवीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची होज डाव्या फर्स्ट स्टेजवरून येत होती आणि टँक फिरवल्यावर ती ताणली गेली. ती त्याच फर्स्ट स्टेजच्या दुसऱ्या लो प्रेशर पोर्टवर (कमी दाबाच्या छिद्रावर) हलवली तेव्हा पुरली. डाव्या सेकंड स्टेजची होज पुरेशी होती, फक्त तिचा बाक मोठा झाला. रबरी रिंगमध्ये अडकवल्यावर तोही बसला. सगळ्यांत जास्त वेळ या होजच्या कामात गेला.

दुसरी डाइव्ह

तीच जागा, तीच खोली. टँक पुन्हा भरून घेतले होते, पुन्हा तपासले होते. ५ मीटरवर डोळे मिटून दोन्ही नॉब: बंद, गेजची सुई पडेपर्यंत श्वास, उघडा, दुसरी बाजू. दोन्ही पहिल्या प्रयत्नात. मग तिला म्हटलं, आता तीन वेळा कर, प्रत्येक वेळी मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन. तेही जमलं. टँक फिरले नाहीत, गेज जागेवर दिसत राहिलं.

९० बारच्या खाली दोन्ही बुडं किंचित उचलू लागली, या वेळी सारखीच. हे बांधणीतलं वैगुण्य नाही, अॅल्युमिनियमचा स्वभाव आहे. तिने ठरल्याप्रमाणे दोन्ही स्नॅप कमरेमागच्या जागेवरून सोडून कमरेच्या पट्ट्यावरच्या पुढच्या डी-रिंगना अडकवले. बुडं खाली आली आणि टँक पुन्हा शरीराला समांतर झाले. दोन्ही टँक ५० बारवर असताना ५ मीटरला स्थिर थांबून वजनही तपासलं. ही तपासणी रिकाम्या टँकवरच करायला हवी, कारण दोन एएल ८० मिळून डाइव्हच्या शेवटी सुरुवातीपेक्षा ४ किलोच्या आसपास हलके झालेले असतात. तिचं वजन पुरेसं निघालं. जो जास्तीचा किलो ती सकाळी कमरेला बांधायला निघाली होती, त्याची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र राहिली. पाठीकडे गेलेल्या डाव्या फर्स्ट स्टेजवर बंजी अजूनही किंचित घासत होती, आणि पाण्याबाहेर आल्यावर दोरीच्या वेष्टणावर पांढरट रेघ दिसली. त्या बाजूची बंजी थोडी लांब करून, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून बघायचं आम्ही ठरवलं आहे. तोवर प्रत्येक डाइव्हआधी त्या जागी बोट फिरवून बघणं सुरू आहे.